घरातल्या वडीलधाऱ्यांना जे ऐकू येते

सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात ‘मोरीत पाय घसरला’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले, याची मोजदाद ठेवलेली नाही. साठीनंतर ते बहुधा खरेच असते. ओली फरशी, मंदावलेली दृष्टी, रक्तदाबाच्या गोळीने उठताक्षणी येणारी भोवळ, अशी त्याची कारणे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु तिशीतल्या, धडधाकट प्रकृतीच्या एका स्त्रीने दीड वर्षात चार वेळा तेच वाक्य उच्चारले आणि चारही वेळा मी जखम धुऊन, औषधे लिहून तिला घरी पाठविले, हे आपल्याला सांगताना मला आजही संकोच वाटतो.

तिच्याबरोबर दर वेळी तिच्या सासूबाई असत. त्याही माझ्याच रुग्ण, मधुमेह आणि रक्तदाबाच्या. सुनेचा केसपेपर माझ्यापाशी अजून आहे. त्यावर माझ्याच अक्षरात चार वेळा ‘घसरून पडली’ असे लिहिलेले आहे. चौथ्या वेळी तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूस चार बोटांचे वळ स्पष्ट दिसत होते. मोरीला बोटे नसतात, हे समजण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. तरीही मी विचारले नाही. सासूबाई समोर बसल्या होत्या, बाहेर बाकावर रुग्ण खोळंबले होते, आणि दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडावे, हा आपल्या समाजात शहाणपणा म्हणून खपणारा विचार माझ्याही मनात होताच.

मग एका संध्याकाळी सासूबाई एकट्याच आल्या. रक्तदाब मोजायचा आहे म्हणाल्या. मी दंडावर पट्टा गुंडाळीत असताना त्या समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, सूनबाई मोरीत पडत नाही. माझा मुलगा मारतो तिला. मला सगळं ऐकू येतं. मी देवघरात जाऊन बसते.’’

त्यांचा वरचा रक्तदाब १९० भरला. मी गोळी वाढवून दिली. त्यापलीकडे काय करावे, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. मधुमेहाच्या रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे किंवा छातीत दुखणाऱ्यास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविण्याची चिठ्ठी मी विचारही न करता लिहितो. मार खाणाऱ्या स्त्रीसाठी चिठ्ठी कोणाच्या नावे लिहायची, हे आम्हाला महाविद्यालयात कोणी शिकविले नव्हते आणि नंतर मीही शिकून घेतले नव्हते. या घटनेला सात-आठ वर्षे झाली. ती चिठ्ठी कोणाच्या नावे लिहिता येते, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघींनी लिहिण्यास संमती दिली आहे.)

हे आपल्यालाच का सांगतो आहे, असे आपण विचाराल. या पाक्षिकाचे बहुतेक वाचक साठी ओलांडलेले आहेत किंवा घरातल्या वृद्धांची शुश्रूषा करणारे आहेत. घरातील कर्ती माणसे दिवसभर बाहेर असतात. आपण घरी असता. शेजारच्या भिंतीपलीकडची आदळआपट, वरच्या मजल्यावरचे रडणे, स्वतःच्याच घरातील बंद दारामागची धुसफुस सर्वप्रथम आपल्या कानी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते, म्हणजे चारांत एक. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या होत्या अवघ्या १४ टक्के. त्यांतही बहुतेकींनी माहेरच्या माणसांकडे धाव घेतली. डॉक्टरांपाशी बोलणाऱ्या फारच थोड्या. माझ्या केसपेपरवरचे ते चार शेरे पाहिले की त्यात नवल वाटत नाही.

चिठ्ठी कोणाच्या नावे?

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास एक वेगळा विभाग सुरू झाला. त्याचे नाव ‘दिलासा’. बृहन्मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था यांनी मिळून तो उभारला. त्यामागची कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणास का सुचली नाही, असे वाटते. मार खाणारी स्त्री पोलीस ठाण्यात गेली तर सगळी आळी पाहते. वकिलाकडे गेली तर घरात जाब द्यावा लागतो. परंतु रुग्णालयात जाण्यासाठी तिला कोणी अडवीत नाही, किंबहुना पुष्कळदा मारणाराच तिला तेथे आणून सोडतो. तेव्हा मदत रुग्णालयातच ठेवावी. केसपेपर काढणारे कर्मचारी, परिचारिका, अपघात विभागातील डॉक्टर यांना प्रशिक्षण द्यावे, संशय आला की त्यांनी रुग्णाला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवावे, जसे क्ष-किरणासाठी पाठवितात. त्या रात्री घरी जाणे धोक्याचे असेल, तर निरीक्षणाखाली ठेवण्याच्या निमित्ताने तिला वॉर्डातच खाट मिळावी. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही असे केंद्र झाले आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या साहाय्याने मुंबईतील आणखी काही महापालिका रुग्णालयांत. केरळने जिल्हा रुग्णालयांतून ‘भूमिका’ नावाने अशीच केंद्रे चालविली आहेत.

आमचे गाव तालुक्याचे. येथे ‘दिलासा’ नाही. मी जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या वर्गमित्रास दूरध्वनी केला, तेव्हा त्याने ‘सखी’ केंद्राचे नाव सांगितले. वर्तमानपत्रात ते कधीतरी वाचलेले होते, पण लक्षात राहिलेले नव्हते. ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही केंद्र शासनाची योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे. हे केंद्र शक्यतो रुग्णालयाच्या आवारात किंवा त्याच्या दोन किलोमीटरच्या परिसरात असावे, असे योजनेतच म्हटले आहे. वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, वकिलाचा सल्ला, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय, हे सारे एकाच छपराखाली मिळावे हा तिचा हेतू. सर्वच केंद्रे सारख्याच तत्परतेने चालतात, असे मी म्हणणार नाही. कोठे समुपदेशकाची जागा रिकामी असते, कोठे पाटी असते आणि दाराला कुलूप. म्हणून जाण्यापूर्वी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलून घ्यावे. ती चोवीस तास विनामूल्य चालते. त्या क्षणी मारहाण चालू असेल, तर मात्र ११२ हाच क्रमांक लावावा.

दुसरा दरवाजा संरक्षण अधिकाऱ्यांचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आहे. त्यान्वये नेमलेले हे अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात आणि त्यांचे साहाय्य विनामूल्य असते. पीडित स्त्रीची हकिगत ते ठरावीक नमुन्यात नोंदवितात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करण्यास मदत करतात. या कायद्यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, उपाशी ठेवणे, पगार वा स्त्रीधन काढून घेणे, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, या सर्वांना तो हिंसाच मानतो. विवाहांतर्गत बलात्काराविषयी फौजदारी कायद्यात अजून अपवाद आहे, परंतु या कायद्यात लैंगिक छळाला तसा अपवाद नाही. दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. हिंसा घडली किंवा घडण्याचा संभव आहे, असे ज्यास सकारण वाटते अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर त्यापायी कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उद्या कोर्टाच्या खेपा आपल्या नशिबी’ या भीतीने गप्प राहणाऱ्या आजी-आजोबांनी हे कलम ४ लक्षात ठेवावे.

आम्हा डॉक्टरांनाही हा कायदा मोकळे सोडीत नाही. तक्रार नोंदविली नाही या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत त्या स्त्रीस विनामूल्य द्यावी लागते. मी ‘घसरून पडली’ असे न लिहिता ‘डाव्या दंडाच्या आतील बाजूस चार समांतर वळ’ असे मोजमापासह लिहिले असते, तर तो कागद पुढे तिच्या उपयोगी पडला असता. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे: जखम कशाने झाली ते लिहा आणि प्रत द्या.

पोलिसांची भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पोलीस यंत्रणेच्या आवारातच समाजकार्यकर्त्या बसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि तेथून ही कल्पना राज्यभर पसरली. तेथे गेल्याबरोबर गुन्हाच नोंदवावा लागतो असे नाही. बोलता येते, सल्ला घेता येतो, आणि घरी परत जाऊन विचारही करता येतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. त्याचा क्रमांक १५१००.

काय बोलावे, काय बोलू नये

सासूबाईंनी मला विचारले होते, ‘‘मी तिच्याशी काय बोलू? तोंड कुठल्या तोंडानं उघडू?’’ मीही तेव्हा चाचपडतच होतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी काढलेली पुस्तिका वाचली. तिच्यातील सूचना सामान्य माणसालाही सहज पाळता येतील अशा आहेत. आधी ऐकावे, मध्ये बोलू नये. तिला आत्ता काय हवे आहे ते विचारावे. तिच्यावर विश्वास असल्याचे तिला शब्दांत सांगावे. ती आज रात्री सुरक्षित आहे का, ते पाहावे. आणि मदतीच्या ठिकाणांशी तिची गाठ घालून द्यावी. निर्णय मात्र तिचा.

आपल्या पिढीला यातील शेवटचे वाक्य जड जाते. आपल्याला तडजोड घडवून आणण्याची सवय आहे. दोन्हीकडच्या चार माणसांना बोलवावे, मुलाला दोन शब्द सुनवावेत, सुनेला ‘तूही जरा सांभाळून घे’ म्हणावे आणि चहा पिऊन उठावे. मारहाणीच्या बाबतीत ही पद्धत घातक ठरू शकते. बैठकीत ती मोकळेपणाने बोलली, तर त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते. म्हणून तिच्या संमतीवाचून मारणाऱ्यास जाब विचारू नये. ‘तू काय केलंस म्हणून तो चिडला?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नये. ‘मुलांकडे बघून दिवस काढ’ असेही म्हणू नये. मुले सारे पाहत असतात.

करण्यासारखी कामे अगदी साधी आहेत आणि ती घरी असलेल्या माणसालाच जमतात. तिचे आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स प्रती आपल्या कपाटात ठेवाव्यात. थोडे पैसे, तिची नेहमीची औषधे आणि कपड्यांचा एक जोड असलेली पिशवी आपल्याकडे असू द्यावी. संकटाचा एखादा खुणेचा शब्द ठरवावा. ‘काकू, विरजण आहे का?’ असा निरोप आला की मुलांना आपल्या घरी आणायचे, एवढा संकेत पुरतो. तिचा मोबाइल नवरा तपासत असेल, तर १८१ ला आपल्या फोनवरून बोलू द्यावे. ती घर सोडण्याच्या बेतात असेल तेव्हा तर विशेष सावध राहावे, कारण हिंसा उग्र होण्याचा धोका त्याच काळात मोठा असतो.

वैद्यकीय दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘गळा दाबला’ असे ती म्हणाली, तर मानेवर खूण नसली तरी तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, श्वास जड होणे, क्षणभर शुद्ध हरपल्याचे आठवणे, ही लक्षणे किरकोळ समजू नयेत. सूज नंतर वाढून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. गरोदर स्त्रीच्या पोटाला मार लागला असेल, तर दिसायला काही नसले तरी तपासणी हवीच.

बहात्तर तास

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत वेळेचे महत्त्व आणखी वाढते, आणि घरातील वडील माणसांकडून नकळत एक चूक होते. मुलगी रडत घरी आली की आपण तिला आंघोळ घालतो, कपडे भिजत टाकतो, ‘निजून राहा, कोणाला सांगू नकोस’ म्हणतो. ही माया असते, परंतु त्यामुळे पुरावा धुतला जातो आणि उपचाराची वेळ निघून जाते. शक्य असेल तर आंघोळ न करता, कपडे न बदलता रुग्णालयात जावे. कपडे बदललेच असतील, तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नव्हे. आंघोळ झाली, दोन दिवस गेले, तरी जावेच. उपचार तरीही हवेतच, आणि तपासणीत नमुने साधारणतः चार दिवसांपर्यंत घेतले जातात.

रुग्णालयात काय होते, हे ठाऊक असले की भीती निम्मी होते. जखमांवर उपचार होतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर, तितकी उपयोगी; शक्यतो बहात्तर तासांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत. एच.आय.व्ही.ची लागण टाळणारी औषधे बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. कावीळ ‘बी’ची लस आणि इतर संसर्गांवरील औषधे दिली जातात. हे सर्व विनामूल्य देणे सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. २०१३ साली कायद्यात आलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये कायम आहे. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखास भारतीय न्याय संहितेनुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कोणी ‘आधी पोलिसांत जाऊन या’ म्हणू लागला, तर हे कलम शांतपणे सांगावे. पोलिसांना कळविण्याचे काम रुग्णालयाचे आहे. तक्रार द्यावयाची की नाही, हे सज्ञान स्त्रीने ठरवायचे, आणि तिने नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत.

तपासणी तिच्या संमतीनेच होते. पूर्वी ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणून जो अवमानकारक प्रकार चाले, तो केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याज्य ठरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तो करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानले जाईल, असे बजावले. आमच्या विद्यार्थिदशेत न्यायवैद्यकाच्या तासाला हाच प्रकार गंभीरपणे शिकविला जात असे. तो आम्ही माना डोलावून लिहून घेतला, ही गोष्ट आज लाजिरवाणी वाटते.

अठरा वर्षांखालील मूल असेल, तर मात्र गप्प राहण्याची मुभा कोणासही नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिली पाहिजे, आजी-आजोबांनीसुद्धा. नातवंडे पुष्कळदा आईबापांच्या आधी आजीपाशी बोलतात. त्यांचे बोलणे अर्ध्या शब्दांत असते: ‘मला त्या काकांकडे नको जायला.’ मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.

आपल्यापैकीच कोणी असेल तर

आतापर्यंत मी आपल्याला साक्षीदार मानून लिहिले. परंतु हे वाचणाऱ्यांत स्वतः मार खाणाऱ्या आजीही असतील. हिंसेला वयाची मर्यादा नसते, आणि २००५ च्या कायद्यालाही नाही. आई मुलाविरुद्ध अर्ज करू शकते. सुनेविरुद्धही करू शकते, कारण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असला पाहिजे ही अट काढून टाकली. त्याच निर्णयाची दुसरी बाजू अशी, की सुनेला छळणारी सासूही त्यात येते. काही वाचकांना हे आवडणार नाही, पण सांगणे भाग आहे. ज्येष्ठांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. त्यान्वये प्रांताधिकाऱ्यांपुढे निर्वाहखर्च मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर परत मिळविता येते. परंतु त्या कायद्याचा वापर करून सुनेला सरसकट घराबाहेर काढता येणार नाही, असे डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

अंगावरच्या डागांविषयी शुश्रूषा करणाऱ्यांनी थोडे जाणून घ्यावे. उतारवयात त्वचा पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे हातांच्या पाठीवर आणि कोपरांखाली जांभळे डाग सहज उमटतात. त्यावरून कोणावर संशय घेऊ नये. मात्र कान, मान, दंडाची वा मांडीची आतली बाजू, नितंब, तळपाय येथे डाग दिसले, किंवा दोन्ही दंडांवर सारख्याच खुणा असल्या, तर एकांतात विचारावे.

आणखी एक प्रकार मी माझ्या दवाखान्यात पाहतो. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पन्नास वर्षे मारणारा नवरा पक्षाघाताने अंथरुणास खिळतो, आणि त्याला भरवणे, कूस बदलणे, मलमूत्र काढणे हे सारे तिच्याच वाट्याला येते. अशा एका आजींनी मला विचारले, ‘‘डॉक्टर, मला त्यांची दया येत नाही. मी पापी आहे का?’’ त्यांच्या मुलांना मी सांगितले की वडिलांसाठी दिवसातून काही तास तरी पगारी माणूस ठेवा, आईवर हे सक्तीने लादू नका. मुले रागावली, पण माणूस ठेवला. स्मृतिभ्रंशाने एखादे आजोबा हात उगारू लागले असतील, तर गोष्ट वेगळी. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि पत्नीला त्या खोलीतून बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवणे हा त्या उपचाराचाच भाग.

आता त्या दोघींविषयी. सासूबाईंनी सांगितल्यावर पुढच्या खेपेस मी त्यांना बाहेर बसवून सुनेला प्रथमच एकटीला आत घेतले आणि विचारले, ‘‘ताई, घरी कोणी मारतं का?’’ ती ‘नाही’ म्हणाली. मी १८१ हा आकडा औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या मात्रेसारखा लिहून दिला. ती चिठ्ठी तिने चार महिने डब्यात ठेवली. मग एके दिवशी सासूबाईंनीच तिला एस.टी.त बसवून ‘सखी’ केंद्रात नेले. पुढे दीड वर्ष तारखा पडल्या. कायदा साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असे म्हणतो, पण आपल्याकडे तारखा म्हणजे काय, हे आपण जाणता. अखेर न्यायालयाने मुलास त्या घरात राहण्यास मनाई केली. सासूबाईंनी मुलाविरुद्ध साक्ष दिली. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत, असे सून सांगते. मुलाशी त्यांचे बोलणे अजूनही बंद आहे, आणि दिवाळीत त्यांची शर्करा दर वर्षी वाढते. सासू-सुना आता एकत्र राहतात. सून शिवणकाम करते. दोघींचे भांडण होते, ते बहुतेक स्वयंपाकघरातल्या मिठावरून.

माझ्या दवाखान्यात मी दोन बदल केले. नातेवाइकांची खुर्ची आतल्या खोलीतून काढून बाहेर ठेवली. प्रत्येक स्त्री-रुग्णाला, मग ती पंचविशीची असो की पंचाहत्तरीची, पहिली पाच मिनिटे एकटीलाच आत घेतो. आणि १८१, ११२, १४५६७ हे आकडे छापलेल्या बोटभर चिठ्ठ्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूस लटकवून ठेवल्या आहेत, कारण साऱ्या दवाखान्यात तेवढ्याच जागी कोणी त्यांच्या सोबत नसते. सुरुवातीस महिनाभर एकही चिठ्ठी फाडली गेली नव्हती. गेल्या वर्षी मला तो गठ्ठा तीन वेळा छापून आणावा लागला.